मराठी अंक, स्मरणिका, प्रबंध करताय? सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की दोन-तीन जण तरी विचारतात, अंक करायचाय, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं? मी विचारते, छापणार कुठे, आणि प्रेसमध्ये काम कशावर चालतं? ते विचारलेलं नसतं, मजकूर मात्र निम्मा टाइप झालेला असतो. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

आमच्या वाचनालयाची स्मरणिका होती, 160 पानं. सगळं मी वर्डमध्ये युनिकोडात (मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) टाइप केलं, तीनदा वाचलं आणि पेन ड्राइव्ह प्रेसमध्ये नेऊन दिला. तिथे पेजमेकर, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची आवृत्ती 7.0, 2001 ची, तिला युनिकोड देवनागरी कळतच नाही, म्हणून ऑपरेटरने कन्व्हर्टर लावून मजकूर जुन्या फॉन्टात नेला. प्रुफं आली तर जिथे तिथे ‘ऱ्य’ चा ‘र्य’. ‘शेतकर्यांनी’ निदान डोळ्याला खटकतं हो, पण एका लेखात आचाऱ्यांनी तीनशे पानांची पंगत सांभाळली होती ती आता आचार्यांनी सांभाळली, आणि शब्द शुद्धच असल्यामुळे वाचणारा सरळ पुढे जातो. फाइंड-रिप्लेस मारावं तर सूर्य, कार्य, आश्चर्य बिघडतात. दोन रात्री बसून एकेक शब्द हाताने सुधारला. ऑपरेटरचा दोष नव्हता, मी आधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून टाइप करायला घ्यायच्या आधी प्रेसला एकच ओळ पाठवते: ‘शेतकऱ्यांनी, आचाऱ्यांनी, आचार्यांनी, क्लृप्ती, लक्ष्मी, ऑक्टोबर, ट्रॅक्टर’. त्यांच्या सॉफ्टवेअरमधून ती कागदावर काढून मागते. सात शब्द नीट आले तर पुढचं बोलणं.

दुसरी चूक, स्पेसबार आणि एंटर दाबून पान सजवणं. शीर्षक मधोमध आणायला वीस स्पेस, नवीन प्रकरणाला पंधरा एंटर! मग फॉन्ट एक पॉइंट वाढवला की अख्खं पुस्तक सरकतं आणि लोक म्हणतात वर्ड बेकार आहे. वर्ड काय, लिब्रेऑफिस काय, दोन्हींत स्टाइल्स आहेत, शीर्षकाला हेडिंग लावा, प्रकरणाला पेज ब्रेक द्या, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. अर्धा तास लागतो शिकायला, तेवढा द्यायलाच हवा. साध्या कादंबरीला किंवा अहवालाला याहून मोठं काही लागत नाही.

इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) जोडाक्षरं फुटतायत म्हणून फॉन्टवर फॉन्ट बदलत बसू नका, आधी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडा, बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असतं.

लाटेक्स, म्हणजे मजकुरात खुणा लिहून पानं तयार करायची पद्धत, गणिताच्या प्रबंधाला उत्तमच. पण कुणाची तरी इंग्रजी टेम्प्लेट उचलून पीडीएफलाटेक्सवर (लाटेक्सचाच एक प्रकार) मराठी चालवू नका. युनिकोड फॉन्ट थेट चालवणारा झीलाटेक्स घ्या, फॉन्ट निवडायचं फॉन्टस्पेक हे पॅकेज वापरा आणि फॉन्ट सांगताना स्क्रिप्ट देवनागरी लिहायला विसरू नका, नाहीतर ‘किती’ मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. सबमिशनला चार दिवस असताना लाटेक्स शिकायला घेणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते, वर्डमध्येच संपवा.

आणि फॉन्ट ठरवताना ‘ल’ आणि ‘श’ जवळून बघा. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. मला मराठी वळणाचाच ल लागतो, शाळेत पाटीवर गिरवला तसा, म्हणून मी तिरो देवनागरी मराठी वापरते, फुकट मिळतो.