त्वचेतील रंगद्रव्याचे मोजमाप : निरनिराळ्या वर्णांवर पद्धतींची तुलना कशी करावी

त्वचेचा वर्ण मोजणारी दोन उपकरणे हाताशी आली की दोन्हींचे आकडे आलेखावर मांडून सहसंबंध काढण्याचा मोह आधी होतो. अगदी फिकट वर्णापासून अगदी गडद वर्णापर्यंतच्या व्यक्ती एकत्र घेतल्या, तर हा सहसंबंध बहुधा भरघोस येतो आणि त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. वर्णांचा पल्ला एवढा मोठा असतो की साध्या डोळ्यांनी लावलेला क्रमसुद्धा कोणत्याही यंत्राशी बऱ्यापैकी जुळेल. खरी परीक्षा वेगळी आहे : जवळजवळ सारख्याच वर्णाच्या दोन व्यक्तींमधला फरक पद्धतीला दिसतो का, आणि गडद टोकाला तिची चूक किती वाढते? पुढील सर्व सूचना या दोन प्रश्नांची उत्तरे मिळावीत अशा रीतीने दिल्या आहेत.

मोजायचे काय, हे आधी ठरवावे

‘रंगद्रव्य मोजणे’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात. त्वचेत मेलॅनिन, म्हणजे तिला वर्ण देणारे मुख्य रंगद्रव्य, किती आहे ही पहिली. त्वचा डोळ्यांना कशी दिसते ही दुसरी. तिच्यात मेलॅनिनबरोबर रक्तातील हिमोग्लोबिन, कॅरोटीन आणि त्वचेतील तंतूंमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण यांचाही वाटा असतो. उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते, म्हणजे ती भाजते की रापते, ही तिसरी. या तीन गोष्टी एकमेकींशी निगडित असल्या तरी एकीच्या जागी दुसरी वापरता येत नाही.

फिट्झपॅट्रिक वर्गवारीच्या बाबतीत हा घोळ सर्वाधिक होतो. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ती मांडली तेव्हा सोरायसिसच्या प्रकाशोपचारात अतिनील किरणांची सुरुवातीची मात्रा ठरवणे हा तिचा हेतू होता. तेव्हा तिच्यात गोऱ्या त्वचेचे चारच प्रकार होते. पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडण्यात आला. ऊन लागल्यावर तुम्ही भाजता की रापता, या प्रश्नाच्या उत्तरावर ती उभी असल्याने उत्तर देणाऱ्याची स्मृती आणि समजूत दोन्ही तिच्यात मिसळतात. सावळ्या आणि काळ्या वर्णांचा अफाट विस्तार शेवटच्या दोन-तीन कप्प्यांत कोंबला जातो. तेव्हा ही वर्गवारी हवी तर नोंदवावी, परंतु दुसऱ्या पद्धतीची अचूकता तिच्यावर पारखू नये आणि तुलनेसाठी गटही तिच्या आधाराने पाडू नयेत.

खऱ्या मेलॅनिनचे माप हवे असेल तर त्वचेचा तुकडा काढून रासायनिक विश्लेषण करावे लागते. त्यातून तपकिरी-काळे युमेलॅनिन आणि लालसर-पिवळे फिओमेलॅनिन वेगवेगळे मोजता येते. निरनिराळ्या वर्णांच्या माणसांत मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनोसोम या कणांचा आकार, संख्या आणि मांडणी यांत. सारखेच मेलॅनिन वेगळ्या रीतीने विखुरलेले असेल तर प्रकाशही वेगळा शोषला जातो, म्हणून रासायनिक आकडा आणि प्रकाशीय आकडा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये.

रंगपट्ट्या

डोळ्यांनी जुळवून पाहण्याच्या पद्धती सर्वांत जुन्या आहेत. फेलिक्स फॉन लुशान यांच्या संचात काचेच्या ३६ रंगीत फरशा असत. मानववंशशास्त्रात त्या बराच काळ चालल्या, पण निरीक्षक बदलला की फरशीचा क्रमांकही बदले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एलिस मंक यांच्या श्रेणीत १० छटा असून गडद बाजूला तिच्यात अधिक जागा ठेवलेली आहे. रंगपट्टी वापरायची असल्यास दोन निरीक्षकांनी एकमेकांचे उत्तर न पाहता, एकाच ठरावीक प्रकाशात, छापील पट्टी त्वचेलगत धरून नोंद करावी आणि दोघांमधले एकमत आधी तपासावे. पडद्यावरची पट्टी मात्र टाळावी; प्रत्येक पडदा रंग वेगळे दाखवतो.

परावर्तनावर आधारित उपकरणे

मेलॅनिनचे शोषण निळ्या प्रकाशात सर्वाधिक असते आणि तरंगलांबी वाढेल तसे ते सलग कमी होत जाते. हिमोग्लोबिनचे शोषण हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात, ५४० ते ५८० नॅनोमीटरच्या आसपास, जोरदार असते आणि लाल प्रकाशात झपाट्याने घटते. अरुंद पट्ट्यांच्या उपकरणांचा सारा डोलारा या फरकावर उभा आहे : लाल प्रकाशाचे परावर्तन मेलॅनिनसाठी आणि हिरव्या प्रकाशाशी त्याचे गुणोत्तर लालसरपणासाठी. डर्मास्पेक्ट्रोमीटरमध्ये ५६८ आणि ६५५ नॅनोमीटरचे दिवे असतात, तर मेक्सामीटरमध्ये ५६८, ६६० आणि ८८० नॅनोमीटरचे. मेक्सामीटर आपला निर्देशांक ० ते ९९९ या स्वतःच्या श्रेणीत देतो. दोन्हींवर ‘मेलॅनिन निर्देशांक’ असेच लिहिलेले असले तरी एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही.

डर्मास्पेक्ट्रोमीटरच्या पद्धतीचा निर्देशांक म्हणजे लाल प्रकाशाच्या परावर्तनाच्या व्यस्ताचा १० पायाचा लॉगॅरिदम गुणिले १००. परावर्तन ५० टक्के असेल तर निर्देशांक सुमारे ३० येतो, २० टक्के असेल तर सुमारे ७० आणि १० टक्के असेल तर १००. आता यंत्राने परावर्तन एका टक्क्याने कमी वाचले असे समजा. ५० च्या जागी ४९ वाचले तर निर्देशांक जेमतेम १ ने वाढतो. १० च्या जागी ९ वाचले तर तो साडेचारांहून अधिक वाढतो. यंत्र तेच, चूक तीच, परंतु गडद त्वचेवर तिचा परिणाम पाचपट होतो. अर्थात गडद त्वचेच्या व्यक्तींमधले आपसातले फरकही या श्रेणीवर मोठे दिसतात. म्हणून चुकीचा आकडा एकटा पाहू नये. त्या गटातील व्यक्तीव्यक्तींमधल्या फरकाशी त्याचे गुणोत्तर काढावे.

रंगमापक आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर रंगाचे तीन घटक देतात : एल म्हणजे ० ते १०० पर्यंतचा उजळपणा, ए म्हणजे हिरवा ते लाल आणि बी म्हणजे निळा ते पिवळा. यांपैकी एल आणि बी यांच्यावरून ‘आयटीए’ (इंडिव्हिज्युअल टायपॉलॉजी अँगल, म्हणजे व्यक्तीचा वर्ण दाखवणारा कोन) काढतात. एलमधून ५० वजा करावे, उत्तराला बीने भागावे आणि व्यस्त स्पर्शिका (आर्क-टॅन) काढून ती अंशांत लिहावी. ५५ अंशांपेक्षा जास्त म्हणजे अतिफिकट, ४१ ते ५५ फिकट, २८ ते ४१ मध्यम, १० ते २८ रापलेली, उणे ३० ते १० तपकिरी आणि त्याखाली गडद, अशी त्याची रूढ वर्गवारी आहे.

या कोनाला आपले स्वभावदोष आहेत. एल ६५ आणि बी १६ असेल तर कोन सुमारे ४३ अंश येतो आणि व्यक्ती फिकट गटात बसते. बी १८ झाला की कोन ४० च्या खाली उतरतो आणि तीच व्यक्ती मध्यम ठरते. एल ३५ आणि बी १० असता कोन उणे ५६ असतो, तर बी ८ झाल्यास उणे ६२. एल नेमका ५० असेल, तर बी काहीही असो, कोन शून्यच राहतो. म्हणजे पिवळेपणातील सारख्याच चुकीचा परिणाम श्रेणीच्या मधोमध नाहीसा होतो आणि टोकाला फुगतो. शिवाय उणे ३० च्या खालची सारी त्वचा एकाच नावाच्या कप्प्यात जाते. त्यामुळे तुलना नेहमी कोनाच्या आकड्यांवर करावी, गटांच्या नावांवर नव्हे.

पृष्ठभागावरून थेट परतणाऱ्या चकाकीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्वचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश आत न शिरताच परततो आणि त्याला मेलॅनिनची काहीच खबर नसते. फिकट त्वचेत एकूण परावर्तनाच्या मानाने हा वाटा क्षुल्लक ठरतो. गडद त्वचेत निळ्या भागातील एकूण परावर्तनच अतिशय कमी असल्याने चकाकी मोजमापाचा मोठा हिस्सा व्यापू शकते. चकाकी धरणारे आणि वगळणारे अशा दोन उपकरणांची तुलना केली आणि फक्त गडद टोकाला ती एकमेकांपासून दूर गेली, तर दोष मेलॅनिनच्या गणितात शोधण्याआधी येथे शोधावा.

प्रत्यक्ष मोजताना

मोजण्याची जागा हेतूनुसार निवडावी. जन्मजात वर्ण हवा असेल तर दंडाची आतली बाजू योग्य, उन्हाचा परिणाम हवा असेल तर कपाळ किंवा हाताची बाहेरची बाजू. शक्य असल्यास दोन्ही घ्याव्यात. जागेवर क्रीम, पावडर किंवा सौंदर्यप्रसाधन नसावे, दाट केस टाळावेत, आणि व्यक्तीला खोलीच्या तापमानाशी जुळवून घेण्यासाठी १५ ते २० मिनिटे स्वस्थ बसू द्यावे. यंत्र तापल्यावर पांढऱ्या प्रमाणफरशीवर त्याचे अंशांकन करावे आणि सत्राच्या शेवटी तीच फरशी पुन्हा मोजून आकडा सरकला नाही ना, हे पाहावे.

शोधनी, म्हणजे उपकरणाचे त्वचेवर टेकवायचे टोक, त्वचेवर दाबली की खालचे रक्त बाजूला सरते आणि त्वचा फिकट वाचली जाते. म्हणून ती केवळ टेकवावी. याउलट हात खाली लोंबता ठेवला तर शिरांत रक्त साचते. ऑक्सिजन गमावलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशही बऱ्यापैकी शोषते, त्यामुळे मेलॅनिन तेवढेच असूनही मेलॅनिन निर्देशांक वाढलेला दिसतो. सर्वांचा हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. दोन उपकरणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, कारण आधीच्या उपकरणाने दाबलेली त्वचा नंतरच्याच्या वाट्याला येते. प्रत्येक जागी किमान तीन वाचने घ्यावीत आणि प्रत्येक वाचनाआधी शोधनी उचलून पुन्हा ठेवावी. न उचलता घेतलेली वाचने यंत्राचा स्थिरपणा दाखवतात, मोजणाऱ्याच्या हाताचा नाही.

डाग मोजायचे असतील तर उपकरणाचे तोंड डागापेक्षा लहान हवे. ८ मिलिमीटरचे तोंड ४ मिलिमीटरच्या डागावर ठेवले तर आकडा बव्हंशी शेजारच्या त्वचेचा येतो. डाग आणि लगतची निरोगी त्वचा दोन्ही मोजून फरक नोंदवावा.

छायाचित्रावरून मोजताना कॅमेऱ्याचे स्वयंचलित उजळणे आणि रंगसंतुलन बंद ठेवावे, चौकटीत प्रमाणित रंगफलक ठेवावा आणि काटकोनातील ध्रुवक (प्रकाशाचे पोलरायझर) वापरून चकाकी काढावी. एवढे करणे शक्य नसेल तर छायाचित्रातून आकडे काढू नयेत.

आकड्यांची तुलना

प्रथम प्रत्येक पद्धतीची स्वतःशीच तुलना करावी. तीन वाचनांतील फरकावरून पुनरावर्तनीयता काढावी आणि ती फिकट, मध्यम व गडद अशा तिन्ही भागांत स्वतंत्र मांडावी. एखाद्या पद्धतीची स्वतःचीच वाचने गडद भागात एकमेकांशी जुळत नसतील, तर ती दुसरीशी का जुळत नाही याचा शोध घेण्यात अर्थ नाही.

हे भाग कशावरून पाडायचे, यात एक खोच आहे. अ आणि ब यांची तुलना करताना अच्या आकड्यांवरून भाग पाडले, तर प्रत्येक भागात अचा पल्ला आखडतो आणि निष्कर्ष एकीकडे झुकतो. त्यासाठी तिसऱ्या, स्वतंत्र मापाचा आधार घ्यावा. तो नसेल तर दोन्ही पद्धतींतील क्रमांकांची सरासरी चालते. प्रत्येक भागात पुरेशा व्यक्ती याव्यात म्हणून निवड करतानाच समतोल साधावा. १०० व्यक्तींपैकी ८० फिकट वर्णाच्या असतील, तर शेवटचा आकडा मुख्यतः त्यांच्याविषयीच बोलेल.

दोन उपकरणे एकाच एककात माप देत असतील, उदाहरणार्थ दोन रंगमापक, तर ब्लँड आणि ऑल्टमन यांच्या पद्धतीने फरक विरुद्ध सरासरी असा आलेख काढावा. वर्ण गडद होताना फरक वाढतो का, ते त्यात लगेच दिसते. एकके वेगळी असतील तर हा आलेख निरर्थक ठरतो; तेथे प्रत्येक भागातील क्रमसहसंबंध (मूळ आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांतला सहसंबंध) पाहावा आणि समीकरण बसवायचे असल्यास दोन्ही बाजूंची चूक धरणारे, डेमिंग पद्धतीचे, बसवावे. नेहमीचे रेषीय समीकरण एका उपकरणाला निर्दोष मानून चालते.

लालसरपणाचे आकडे वेगळे ठेवावेत. गडद त्वचेत मेलॅनिन हिरवा प्रकाशही शोषून घेत असल्याने ए आणि एरिथिमा निर्देशांक (उपकरणाचा लालसरपणाचा आकडा) या दोन्हींत त्याची सावली पडते. तेथे दोन्हींचा मेळ बसला तरी दोन्ही बहुधा मेलॅनिनच मोजत असतात. अशा वेळी निरपेक्ष आकड्याऐवजी त्याच व्यक्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या वाचनांतील बदल वापरावा.

अहवालात उपकरणाचे नाव पुरेसे नाही. वापरलेल्या तरंगलांबी, तोंडाचा व्यास, चकाकी धरली की वगळली, रंगमापनासाठी कोणता प्रमाणप्रकाश आणि २ की १० अंशांचा निरीक्षक (गणितासाठी ठरवलेला प्रमाण डोळा; अंश त्याच्या दृष्टिक्षेत्राचे) गृहीत धरला, मोजण्याची जागा, वाचनांची संख्या आणि प्रत्येक भागातील व्यक्तींची संख्या द्यावी. निरीक्षकाचा कोन बदलला तरी तीच त्वचा वेगळे एल, ए आणि बी देते, आणि ही नोंद नसेल तर पुढच्या संशोधकाला आपले आकडे त्या आकड्यांशी जोडता येणार नाहीत.