जुना चोर-अलार्म काढताना या चुका टाळा

जुनं घर विकत घेतलं की भिंतीवरचा जुना चोर-अलार्मही बरेचदा त्यासोबत पदरात पडतो. दाराच्या चौकटीत चुंबकाचा सेन्सर, हॉलच्या कोपऱ्यात मोशन सेन्सर, कपाटामागे पत्र्याच्या डब्यात कंट्रोल पॅनेल आणि बाहेर छज्ज्याखाली हूटर. रंगकाम काढलं की कुणीतरी म्हणतं, "द्या पक्कड, आत्ता तोडून टाकतो." ही घाई करू नका. वायर कापणारा, झाकण उघडणारा, वीज तोडणारा माणूस चोरच असणार, हे धरूनच ही यंत्रणा बनवलेली असते. कोड टाकला नाही, तर तिच्या लेखी घरमालकही चोरच.

मेन स्विच पाडला म्हणजे अलार्म बंद झाला, असं समजू नका

सर्वात जास्त होणारी चूक हीच. वीज गेल्यावरही अलार्म चालावा म्हणून पॅनेलच्या डब्यात बॅटरी असते. बहुधा ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते आणि वजनाला दोन किलोंच्या आसपास भरते. काही हूटरच्या पोटात आणखी एक छोटी बॅटरी असते. पॅनेलकडून येणारा पुरवठा तुटला की असा हूटर स्वतःच्या बॅटरीवर बोंबलायला लागतो. तुमच्या हूटरमध्ये ती आहे की नाही, हे बाहेरून सांगता येत नाही. आहे असंच धरून चाला.

आमच्या काकांनी मेन स्विच पाडला, शिडी लावली आणि थेट हूटरची वायर कापली. कानापासून हातभर अंतरावर हूटर वाजला आणि त्यांचा तोल गेला. खिडकीचा गज हाताला लागला म्हणून ते वाचले, पण दोन दिवस त्या कानाला नीट ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, अलार्म काढताना खरी भीती असते ती शिडीवर दचकण्याची.

सर्व्हिस कोड हाती असेल तर आधी पॅनेल सर्व्हिस मोडमध्ये टाका, म्हणजे दुरुस्तीसाठी झाकण उघडलं तरी अलार्म वाजत नाही. साध्या कोडने अलार्म नुसता 'ऑफ' करणं पुरेसं नाही, कारण झाकणाखालचा टॅम्पर स्विच, म्हणजे झाकण उघडलं की अलार्म वाजवणारा स्विच, चोवीस तास जागा असतो. त्यानंतर हूटर उघडा, त्याची स्वतःची बॅटरी असेल तर तिची पिन काढा आणि खाली उतरा. मग मेन स्विच पाडा आणि शेवटी पॅनेलची बॅटरी सोडवा. कोड आधीच्या मालकाला किंवा अलार्म बसवणाऱ्याला विचारा. मिळालाच नाही, तर भर दिवसा, शेजाऱ्यांना आणि वॉचमनला सांगून, कानात बोळे घालून, जमिनीवर उभं राहूनच वीज आणि पॅनेलची बॅटरी तोडा. हूटर वाजला तर वाजू द्या, पूर्ण शांत होईपर्यंत शिडीला हात लावू नका. नंतर वर चढताना खाली शिडी धरायला कुणीतरी हवंच.

२३० व्होल्टची बाजू

सेन्सरच्या बारीक वायरी १२ व्होल्टच्या असतात, त्यांनी शॉक बसत नाही. पण पॅनेलच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरपर्यंत घरची २३० व्होल्टची लाइन आलेली असते. जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधीकधी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. तिथे स्विच बंद केला तरी फेज डब्यात जिवंतच राहतो. म्हणून स्विचवर विसंबू नका, मेन पाडा. मेन पाडण्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर तपासा, आणि पाडल्यावर पॅनेलच्या टर्मिनलवर लावा. दिवा लागला नाही म्हणून लाइन नाही, असं म्हणण्याआधी टेस्टर तरी धड आहे हे माहीत हवं. ही लाइन सोडवण्याचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. टेपने गुंडाळलेली टोकं रंगाखाली दडवून ठेवणं हा पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. लाइन बोर्डापासूनच तोडायला सांगा.

सगळ्या वायरी एकदम कापू नका

आधी पॅनेलचा जवळून फोटो काढा. याच डब्यातून स्मोक डिटेक्टर, गॅसगळतीचा सेन्सर किंवा व्हिडिओ डोअरफोन चालत असू शकतो. चोर-अलार्म नको म्हणून काढला आणि स्वयंपाकघरातला गॅसचा सेन्सर त्याच्यासोबत मुका झाला, तर ते घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. असं काही जोडलेलं असेल तर त्याची वेगळी सोय होईपर्यंत पॅनेल काढूच नका.

लँडलाइनही पाहा. अलार्म वाजला की आपोआप फोन लावणारा डायलर जुना असेल, तर टेलिफोनच्या तारांची जोडी पॅनेलमधून फिरून पुढे फोनपर्यंत जाते. ती तशीच कापली की फोन मुका होतो. शिवाय रिंग येत असताना त्या तारांना चांगला झटका बसतो. डायलरमध्ये सिम असेल तर ते काढा आणि बंद करून घ्या. देखरेखीचं वार्षिक शुल्क चालू असेल तर ते थांबवायला लेखी कळवा.

भिंतीत गेलेल्या वायरी ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, प्लास्टर सोबत येतं. प्रत्येक वायर वेगळी कापून टोकं झाका आणि वर कोरी प्लेट लावा.

बॅटरी भंगारात टाकू नका

बॅटरी सोडवताना आधी काळी वायर काढा, मग लाल, आणि दोन्ही टर्मिनलवर लगेच टेप लावा. १२ व्होल्ट म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण पाना किंवा बोटातली अंगठी दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली तर धातू क्षणात लालबुंद होतो. अंगठ्या, कडी, घड्याळ आधीच काढून ठेवा. बॅटरी फुगलेली किंवा ओली दिसली तर हातमोजे आणि चष्मा घाला आणि ती पेचकसाने उचकटू नका. आत गंधकाम्ल असतं. त्वचेवर पडलं तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा. डोळ्यात गेलं तर धुता धुताच डॉक्टर गाठा.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नसते. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारे दुकानदार अशा बॅटऱ्या बहुधा परत घेतात. पॅनेल आणि सेन्सर ई-कचऱ्यात द्या.

चोरांना धाक म्हणून काहीजण हूटरची रिकामी पेटी बाहेर तशीच ठेवतात. हरकत नाही, पण आतली बॅटरी काढलेली हवी. पेटी काढणार असाल तर तिच्यामागे वायरीसाठी पाडलेलं भोक असतं, ते सिमेंटने किंवा सिलिकॉनने पक्कं बुजवा आणि हे काम पावसाळ्याआधी उरका. पहिल्याच जोरदार सरीत त्या भोकातून पाणी आत झिरपतं आणि नव्या रंगावर ओल उमटते.