रक्तातील मूलपेशींचे दाते कसे व्हावे

रक्ताच्या कर्करोगाने किंवा थॅलेसेमियाने आजारी असलेल्या एखाद्या मुलासाठी दाता हवा असल्याचा निरोप फोनवर येतो, आपण तो आणखी चार गटांत पाठवतो आणि आपल्याकडून होण्यासारखे झाले असे समजतो. वास्तविक असा दाता आधीच नोंदलेला असावा लागतो आणि बोलावणे आल्यावर त्याने होकारही द्यावा लागतो. यांतला होकार अधिक अवघड असल्यामुळे, नोंदणीची पद्धत सांगण्याआधी आपण नेमके काय द्यायला कबूल होत आहोत ते पाहू.

मूलपेशी, म्हणजे बोलण्यात ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या, स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करतात आणि वेगळ्या कामाच्या पेशींतही रूपांतरित होतात. रक्ताच्या मूलपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात असतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे प्रौढ माणसाच्या शरीराला दर सेकंदाला २० लाखांच्या घरात नव्या तांबड्या पेशी कराव्या लागतात, आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट त्याखेरीज. हा कारखानाच बिघडला, तर रक्त चढवत राहिल्याने फक्त दिवस निभावतात. बरे व्हायचे तर पुष्कळदा कारखानाच बदलावा लागतो, म्हणजे दात्याच्या निरोगी मूलपेशींचे प्रत्यारोपण करावे लागते. आपल्या देशात हे पहिल्यांदा १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी करून दाखवले.

येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. स्वमग्नता, मधुमेह किंवा गुडघेदुखी यांवर मूलपेशींचे इंजेक्शन देऊ करणाऱ्या जाहिराती हाच शब्द वापरतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या मूलपेशींचे प्रस्थापित प्रत्यारोपण वगळता इतर उपचार केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीचा (क्लिनिकल ट्रायलचा) भाग म्हणूनच देता येतात. त्यामुळे अशा उपचारासाठी कोणी लाखो रुपये मागत असेल, तर त्या चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो मिळाला नाही तर तेथून निघून यावे.

आता जुळणीविषयी. दाता आणि रुग्ण यांचा रक्तगट एक असण्याची गरज नसते; जुळावी लागतात ती पेशींवरील एचएलए नावाची ओळखचिन्हे. ही चिन्हे आईकडून एक संच आणि वडिलांकडून एक संच अशी येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. अलीकडे आईवडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण केले जाते, तरीही अनेकांना बाहेरचा दाता शोधावाच लागतो, आणि तो मिळण्याची आशा आपल्यासारखाच वंश असलेल्या लोकांमध्ये अधिक असते. जगभरच्या नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते असले, तरी आपल्या लोकसंख्येच्या मानाने त्यांत भारतीय फार थोडे आहेत. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने तेथील नोंदवहीत नाव घातले, तरी ते भारतातल्या रुग्णाच्या उपयोगी पडू शकते, कारण शोध देशांच्या सीमा ओलांडून घेतला जातो.

बहुतेकांना भीती वाटते ती पाठीच्या कण्याची, आणि तिचे मूळ मला आपल्या भाषेतच दिसते. अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू (कण्यातून जाणारी नसांची दोरी) या दोन्ही शब्दांत 'मज्जा' असल्याने, मज्जा काढायची म्हणजे कण्यात सुई जाणार आणि पाय लुळे पडणार, असे लोक धरून चालतात. मूलपेशी घेताना मज्जारज्जूला हातही लागत नाही. क्वचित प्रसंगी थेट मज्जा घ्यायची झाली, तर ती भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने घेतात. घरातल्या ज्येष्ठांना हा फरक नोंदणीच्या आधीच समजावून सांगावा, कारण ऐन वेळी होणारा विरोध बहुधा घरातूनच होतो.

नोंदणी सोपी आहे. दात्री किंवा डीकेएमएस यांसारख्या संस्थांच्या शिबिरात अथवा घरपोच मागवलेल्या संचाद्वारे ती करता येते. वयाची अट संस्थेनुसार थोडी बदलते; १८ ते ५० या वयातील निरोगी व्यक्तीला सहसा अडचण येत नाही, आणि डॉक्टर तरुण दात्यांना प्राधान्य देतात. संमतिपत्र वाचून सही करावी, कापसाचा बोळा लावलेली काडी गालाच्या आतल्या बाजूला सांगितलेला वेळ फिरवावी आणि पाकिटात घालावी. पुढे मोबाइल क्रमांक किंवा पत्ता बदलला, तर संस्थेला आठवणीने कळवावे. जुळणारा दाता सापडूनही त्याचा फोन लागत नाही, तेव्हा रुग्णाच्या घरच्यांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी.

बोलावणे कदाचित कधीच येणार नाही. आले, तर आधी रक्ताची पक्की जुळणी आणि संपूर्ण तपासणी होते. येथपर्यंत माघार घेता येते. कायद्याने ती नंतरही घेता येते, पण तिचा अर्थ बदललेला असतो. प्रत्यारोपणाआधीच्या दिवसांत रुग्णाला तीव्र औषधे देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्या टप्प्यावर दात्याने पाय मागे घेतला, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. शंका असेल, तर ती पहिल्याच फोनवर बोलून दाखवावी.

होकार दिल्यावर चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन घ्यावे लागते, त्यामुळे मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. या दिवसांत कंबर आणि हाडे ठणकतात, डोके दुखते, ताप आल्यासारखे अंग मोडून येते; इंजेक्शने थांबली की हा त्रासही ओसरतो. मग दोन्ही हातांना सुया लावून चार ते सहा तास यंत्राजवळ पडून राहायचे असते. एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात मिसळलेल्या द्रावामुळे कॅल्शियम कमी होऊन ओठांना मुंग्या येतात. त्या आल्या की परिचारिकेला लगेच सांगावे, सहन करत पडून राहू नये. हात फारसा वाकवता येत नाही, म्हणून पाणी पाजायला घरचे कोणी जवळ असावे. जमलेली पिशवी टोमॅटोच्या साराच्या रंगाची आणि वजनाला हलकी असते. तपासण्या, प्रवास आणि रुग्णालयाचा खर्च दात्यावर पडत नाही, मात्र दानाचा मोबदलाही मिळत नाही.

ती पिशवी रुग्णाला साध्या रक्तासारखी शिरेतून चढवतात. मूलपेशी आपणहून हाडांकडे वाट काढतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नव्या पेशी दिसू लागतात. रक्तगट वेगळा असेल, तर रुग्णाचा गट पुढे दात्याचा होतो. दात्याच्या शरीरातली तूट काही आठवड्यांत भरून निघते. सुरुवातीचा काही काळ दोघांची नावे एकमेकांपासून गुप्त ठेवली जातात. त्याच रुग्णासाठी पुन्हा पेशींची गरज पडल्यास संस्था दुसऱ्यांदा विचारू शकते, म्हणून तब्येतीत काही मोठा बदल झाला तर तो दानानंतरही कळवत राहावा.