पाळ्यांचे न्याय्य वाटप : कामगार संघटनेने चार्ट कसा ठरवून घ्यावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात तीन पाळ्या चालतात, तेथे संघटनेने मागणीपत्रात पाळीबदलाचे स्वतंत्र कलम घालावे. हे काम फोरमनच्या मर्जीवर सोडू नये.

आधी माणसांचा हिशोब मांडावा. भट्टी सातही दिवस चालत असेल तर आठवड्याच्या 21 पाळ्या होतात. 48 तासांच्या मर्यादेत एक गट सहाच पाळ्या करू शकतो, म्हणजे तीन गट मिळून 18 पाळ्या भरतात. उरलेल्या तीन पाळ्यांना रिलिव्हर (सुट्टीवरच्यांच्या जागी येणारा बदली कामगार) किंवा चौथा गट नसेल, तर चार्ट कितीही नीट आखला तरी कोणाची तरी सुट्टी बुडते किंवा डबल ड्यूटी गळ्यात पडते. ओव्हरटाइमचे दुप्पट वेतन हा कामगाराचा हक्कच आहे, पण त्याने झोप भरून निघत नाही.

पाळी पुढे सरकत जावी : पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर रात्रपाळी. उलट क्रमात, मध्ये सुट्टी नसेल तर, रात्री 11 ला सुटलेल्या कामगाराला सकाळी 7 ला पुन्हा हजर व्हावे लागते आणि तो पन्हाळ्याकडच्या गावचा असेल तर त्या आठ तासांतले बरेचसे रस्त्यातच जातात. सरळ क्रमातही एक अवघड जागा उरते. रात्रपाळीची साप्ताहिक सुट्टी कायद्याने पाळी संपल्यापासून सलग 24 तासांची धरली जाते. त्यामुळे रविवारी सकाळी 7 ला सुटलेल्याला सोमवारी सकाळी 7 ला पहिल्या पाळीत बोलावले, तरी नियम मोडत नाही, मात्र त्याला जेमतेम एक रात्र मिळते. या बदलाच्या वेळी 48 तासांचे अंतर करारात लिहून घ्यावे आणि यावर तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रपाळ्या आणि दिवाळी, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा या दिवसांतील ड्यूट्या नावनिशी वर्षभर नोंदवाव्यात. रजेच्या पसंतीत ज्येष्ठता चालेल, रात्रपाळी चुकवण्यासाठी मात्र ती चालू देऊ नये. अदलाबदल दोघांच्या सहीने व्हावी. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता; अशा वेळी न पोहोचलेल्याची गैरहजेरी न लावता पाळी नंतर भरून घेण्याची तरतूद असावी.

स्थायी आदेशांत (कारखान्याच्या मंजूर सेवा-नियमांत) नसलेली नवी पाळी सुरू करायची किंवा चालू पाळी बंद करायची, तर व्यवस्थापनाने 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती मिळताच संघटनेने लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी.