सरकारी कार्यालयं एका इमारतीत आणताय? या चुका टाळा

भाड्याच्या जागा सोडून एकाच सरकारी इमारतीत जायचं ठरलं, की पहिली बैठक रंगते ती केबिन कोणाला कुठली यावर. दप्तराचं काय, हे टेम्पो दारात लागल्यावर आठवतं. माझी नोकरी कोल्हापुरात आस्थापना आणि अभिलेख कक्षात गेली. तीन स्थलांतरं पाहिली, तिन्ही वेळा गाडं कागदापाशीच अडलं.

दप्तर न छाटता जागा मोजणं

आधी सहा गठ्ठे पद्धतीनं, म्हणजे प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे त्यानुसार गठ्ठे करून, दप्तर लावा. मग किती वर्षं जपायचं, त्यानुसार वर्ग पाडा. अ वर्ग कायमचा, ब ३० वर्षांचा, क १० वर्षांचा, क-१ पाच वर्षांचा आणि ड एका वर्षाचा. मुदत संपलेलं यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट करा. आम्ही सगळं तसंच उचललं. नव्या जागेत पहिला रुमाल (गठ्ठा बांधायचं कापड) सोडला, तर आत एकाच परिपत्रकाच्या चाळीसेक प्रती आणि कोणाचा तरी जेवणाचा डबा! असल्या ऐवजासाठी एक अख्खी खोली अडली होती. मोडक्या खुर्च्यांचंही तेच. निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढणं, झालं नाही, तर त्याही टेम्पोत बसून नव्या इमारतीत येतात.

गठ्ठे कुठल्याही मजल्यावर रचणं

कार्यालयाचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २५० ते ४०० किलो भार धरून बांधतात. दप्तराच्या खोलीला ५०० किंवा त्याहून जास्त लागतो. वरच्या मजल्यावर कॉम्पॅक्टर (रुळांवर सरकणारी दप्तराची कपाटं) बसवण्याआधी बांधकाम विभागाकडून लेखी घ्या, तोंडी ‘चालतंय की’वर जाऊ नका.

मग सगळं तळमजल्यावर टाकू, असं कोणीतरी म्हणतंच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शाहूपुरी आणि नागाळा पार्कातल्या सखल भागात शिरलं. तेव्हा इमारत ठरवतानाच त्या दोन वर्षी पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. तो भिंतीवरची खूण दाखवेल. विजेचं पॅनेल, जनरेटर आणि सर्व्हरही त्या खुणेच्या वरच हवेत. दप्तर भिजलंच, तर ओली पानं ओढून सुटी करू नका आणि कडक उन्हातही घालू नका. सावलीत, पंख्याखाली, गठ्ठा सैल करून वाळवा.

फक्त भाड्याचा हिशेब

नव्या जागेची वीजजोडणी व्हायच्या आत जुना करार सोडला, तर काम बंद; उशिरा सोडला, तर भाडं चालूच. करारातली नोटिशीची मुदत बघून तारीख उलटी मोजत या. अनामत रक्कम परत मागायला विसरू नका, ती आपणहून परत येत नाही.

एकच सभागृह, पाच साहेब

महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, त्याच दिवशी दोन खात्यांच्या आढावा बैठका लागतात. सभागृहाची नोंदवही एकाच कारकुनाकडे ठेवा.

जुन्या दारावर पाटी न लावणं

चंदगड, आजऱ्याहून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस जुन्याच पत्त्यावर जातो. नवा पत्ता, मजला आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून कसं यायचं, हे मोठ्या अक्षरांत लिहून पाटी निदान वर्षभर ठेवा. आमची पाटी लागायला सव्वा महिना गेला. तोवर समोरच्या चहावाल्यानं टपरीच्या फळीवर खडूनं बाण काढून ठेवला होता.