कोल्हापुरात बसून परदेशाशी नातं कसं जोडायचं? सुरुवात वळिवड्यापासून करा

परराष्ट्र संबंध म्हणजे दिल्लीतल्या साहेबांचं काम, आपला काय संबंध, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. गांधीनगरला कापड खरेदीला आपण सगळेच जातो, पण सिंधी बांधव यायच्या आधी तिथं वळिवड्याचा पोलिश कॅम्प होता हे किती जणांना माहीत आहे? सोव्हिएत छावण्यांतून सुटलेली साधारण ५ हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त, १९४३ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत आणि पुढेही काही वर्षं इथं राहिली, त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीतल्या, वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं. तिकडं आपल्या गावाच्या नावाचं स्मारक आहे, मग हे नातं आपणच का जपायचं नाही?

तर पहिलं काम म्हणजे आधी स्वतः बघून या. महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ बघा, वळिवड्यात-गांधीनगरात जुन्या माणसांशी बोला, जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा आणि रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

मग शाळा. शाळा-शाळांची मैत्री हा मला सगळ्यात टिकाऊ मार्ग वाटतो, कारण पोरं एकमेकांना भाषण देत नाहीत, डब्यात काय आणलंस ते विचारतात. पोलंडच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाला मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळेच्या लेटरहेडवर एक पानी इंग्रजी पत्र पाठवा, त्यात मागणी एकच ठेवा: सातवी-आठवीच्या मुलांसाठी तिकडच्या एखाद्या शाळेशी ओळख करून द्या. वेळेचं गणित आधी करा. पोलंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपल्या दुपारच्या अडीचला तिकडं अकरा नाहीतर दहा. त्यांना जुलै-ऑगस्ट सुट्टी, आपल्याला मे, त्यामुळे सप्टेंबर ते दिवाळीच्या आधीपर्यंतचा काळ धरा. पहिल्या व्हिडिओ कॉलला पाहुणे, सत्कार, हार-तुरे काही नको, नाहीतर अर्धा तास त्यातच जातो आणि पोरं गप्प बसून राहतात.

कुणी परदेशी पाहुणा घरी राहायला आला तर २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर माहिती भरावी लागते, हे घरच्यांनाही लागू आहे, विसरू नका. तांबडा-पांढरा खुशाल वाढा पण तिखट किती चालतं ते विचारून. आणि परदेशातून देणगी घ्यायच्या फंदात पडू नका, संस्थेला त्यासाठी एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. गट साधाच ठेवा, आपापल्या खर्चाने.

राग आला तर काय करायचं, हेही सांगतो. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा सगळेच चिडले, आणि चिडायलाच पाहिजे होतं. पण महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने रीतसर पत्र लिहिल्यावर कंपनीने उत्तर दिलं, प्रेरणा भारतीय चपलांची आहे हे मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटून गेली. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, हा कागद हातात होता म्हणून बोलण्याला वजन आलं. तेव्हा शिव्यांची कमेंट टाकण्यापेक्षा पुरावा जोडून मेल करा, खाली "कोल्हापूरचा नागरिक" एवढंच लिहा, देशाच्या वतीने बोलायला आपल्याला कुणी नेमलेलं नाही.

शेवटचं काम खासदारांकडचं. जिल्ह्यात कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन मतदारसंघ आहेत, आपला कुठला ते बघा. परराष्ट्र मंत्रालयाला लोकसभेत लेखी प्रश्न विचारता येतो, त्याला साधारण १५ दिवस आधी नोटीस लागते, म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या बऱ्याच आधी निवेदन द्या. माझा प्रश्न तयार आहे, हवा तर असाच घ्या: पंतप्रधानांच्या २०२४ च्या पोलंड दौऱ्यात दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतात आणायचा, युद्धात पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाचा कार्यक्रम जाहीर झाला, त्या तरुणांच्या दौऱ्यात कोल्हापूर आणि वळिवडे आहे का, नसेल तर कधी घेणार? निवेदनाची पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्या आणि महिन्याभराने परत जाऊन विचारा.