लहान मुलांना जीए (जनरल ॲनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल) देताना सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) टिकवायचं कसं

पेडिॲट्रिक ओटीला पहिल्यांदाच पोस्टिंग लागलेल्यांसाठी लिहितोय. मोठ्यांचा हिशोब इथे चालत नाही, बाळ किलोमागे मिनिटाला 6 ते 8 मिली ऑक्सिजन वापरतं, मोठ्यांचं 3-4 मध्ये भागतं, त्यात झोपवलं की फुफ्फुसातला साठाही घटतो, त्यामुळे श्वास थांबला की सॅच्युरेशन बघता बघता कोसळतं.

म्हणून आधी जमेल तितका 100% ऑक्सिजन द्या. पोरगं मास्क लावूच देत नसेल तर कुस्ती नको, जवळ धरून ठेवा आणि झोप लागली की मग घट्ट बसवा.

बाळाचं डोकं मागून मोठं असतं, मान आपोआप पुढे वाकते, खांद्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा. बोटं जबड्याच्या हाडावरच हवीत! हनुवटीखालच्या मऊ भागावर दाबलंत की जीभ टाळूला चिकटते, आपणच वाट बंद करतो आणि वरून श्वास द्यायची बॅग जोरात दाबत बसतो, मग हवा पोटात, पोट फुगून डायफ्रॅम वर, सॅच्युरेशन अजून खाली. पोट फुगलंच तर पोटात कॅथेटर (बारीक नळी) घालून हवा काढा.

वर्षावरच्या मुलांत श्वासनलिकेतली ट्यूब ओठापाशी साधारण वय (वर्षांत) भागिले 2 अधिक 12 सेमीवर. पोझिशन बदलली की छातीच्या दोन्ही बाजूंनी परत ऐका, मान वाकली की ट्यूब आत सरकते आणि बहुतेक उजवीकडेच जाते.

सॅच्युरेशन पडलं तर प्रोब (सॅच्युरेशन मोजणारा सेन्सर) चाचपत बसू नका (सगळे तेच करतात). मॉनिटरचा आकडा उशिरा येतो, बीपचा सूर उतरला तेव्हाच 100% लावा, बॅग हातात घ्या, छाती आणि कॅप्नो (बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटर) बघा. ट्यूब सरकली, अडकली, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा साचणं) की मशीन, याच क्रमाने शोधा. ब्रॅडी झाला (हृदयाचे ठोके मंदावले) तर कारण हायपॉक्सियाच (ऑक्सिजनची कमतरता) धरून चाला.

सर्दीवाल्या मुलांत लॅरिंगोस्पाझम (स्वरयंत्र आकसून वाट बंद होणं) जास्त. छाती आत ओढली जातेय पण बॅग हलत नाही, आवाजही नाही, म्हणजे तोच. सर्जनला थांबवा, सिनियरला हाक मारा, घशातलं सक्शन करा, जबडा पुढे ओढून 100% ऑक्सिजनवर सीपॅप (मास्कमधून सतत दाब) द्या. नाही सुटलं तर थोडं प्रोपोफॉल, तरीही नाही तर स्कोलिन (सक्सिनिलकोलिन, स्नायू सैल करणारं औषध) शिरेतून किलोला 1-2 मिग्रॅ, लाईन (शिरेतली सुई) नसेल तर मांडीच्या स्नायूत किलोला 4 मिग्रॅ, ॲट्रोपिन भरून ठेवलेलं असू द्या.

ट्यूब काढायची ती पूर्ण जागं झाल्यावर नाहीतर चांगलं खोल झोपेत असताना, अर्धवट झोपेत अजिबात नाही. रिकव्हरीत नेतानाही कुशीवर वळवून, ऑक्सिजन चालू ठेवूनच न्या.